बॅकअप त्याच मशीनवर

जुन्नर, गुरुवार, मार्च २००९

सर्व्हर अजून बंदच. परवा कुणीतरी बाहेरून आत शिरलं आणि आमच्याकडे ठेवलेल्या साऱ्या वेबसाइटच्या फायलींना कुलूप घातलं. किल्ली हवी तर पैसे पाठवा, असा इंग्रजी निरोप पडद्यावर आहे. ऑफिस भाऊजींचं; त्यांनी विनवणी करून पाहिली. पलीकडून उत्तरच नाही. बॅकअप होता, पण त्याच मशीनवर. त्यालाही कुलूप. पासवर्ड सगळीकडे एकच, ऑफिसात प्रत्येकाला पाठ. बदला म्हटलं की भाऊजी हसायचे, "जुन्नरात कोण येतंय चोरायला?"

संध्याकाळी घोडेगावहून बबनराव आले. त्यांचं गाव धरणात गेलं. पाणी चढायच्या आधी त्यांनी घरन् घर फोटोत घेऊन ठेवलं होतं. ते फोटो आम्हीच स्कॅन करून त्यांच्या साइटवर टाकले.

"ताई, साइट उघडत न्हाई."

"मूळ फोटो आहेत ना घरी?" मी विचारलं.

"बुरशी लागली व्हती. तुमी म्हनला इथं सेफ हायेत, मंग दिले टाकून."

एक वेगळी डिस्क घ्यायची, एवढंच तर होतं. बॅकअप त्याच मशीनवर का ठेवला?

भाऊजी म्हणाले, "सोमवारी या. होईल चालू."

बबनरावांचा चेहरा खुलला. "लई बरं झालं राव. नात सुट्टीला आलीया, तिला आमचं घर दावायचंय."

ते स्टँडकडे गेले. भाऊजी मान खाली घालून बसले. मीही खरं सांगायला मागे धावले नाही.

सोमवारी ते नातीला घेऊन येतील.