गाडी ओरडते हे मला कळलं नाही

बाबा, "मोठा आवाज खोटं बोलते, बारीक आवाज आयक," असं तुम्ही म्हणाला होतात. आलापल्लीच्या आपल्या गॅरेजात एक जीप उभी होती. तिचा आवाज पार बाजारापर्यंत जात होता आणि मी कानांवर हात ठेवून मागे मागे सरकत होते. तुम्ही माझा हात खाली घेतलात, कानाशी रबरी नळीचं एक टोक धरलंत आणि दुसरं टोक इंजिनाच्या आसपास फिरवत राहिलात. "कुठी फुसफुसते ते सांग." तुम्हाला ते ऐकू येणार नव्हतं. तरुणपणीची आरागिरणीतली वर्षं तुमचे कान घेऊन गेली होती. म्हणून शाळा सुटली की मी गॅरेजात यायचे, नळी कानाला लावायचे आणि फुसफुस वाढली की तुमच्या खांद्यावर थाप मारायचे. गिऱ्हाईक हसायचं. "मिस्त्री, पोरीले डाक्टरीन करून राह्यले का?" तुम्ही त्याचे ओठ वाचून म्हणायचात, "माहा कान आहे तो. घरून आणतो रोज."

पहिल्या पगारात मी तुमच्यासाठी कानाचं मशीन आणलं होतं. चंद्रपूरहून येताना बसमध्ये ते मांडीवर धरून बसले होते. तुम्ही ते लावलंत, उठून चुलीजवळ गेलात आणि आईला म्हणालात, "तू एवढी बोलते?" आई हसता हसता रडली. मग तुम्ही गॅरेजात गेलात, कुणीतरी ऐरणीवर हातोडा मारला, आणि तुम्ही मशीन काढून वायसरच्या डब्यात टाकलंत. "एवढ्या गोंगाटात तुमी लोक जगता कसे? मले नोको. तू आहेस ना." त्या शेवटच्या तीन शब्दांचा मला फार अभिमान वाटला होता. मग मी परत नोकरीवर राजुऱ्याला गेले, आणि तिकडच्या खोलीत एकटी असताना तेच शब्द मला झोपू द्यायचे नाहीत. मी नसताना नळी कुणाच्या कानाला लावत होतात?

तुम्ही गेल्यावर मी परत इकडे आले. आम्हा बायकांचा एक गट आहे, आणि त्याची छोटी मालगाडी मी चालवते. गावोगावचा मोहा, हिरडा, मध गोळा करून आलापल्लीच्या गोदामात आणायचा, हे माझं काम. तुम्ही पाहिलं असतंत तर आधी चाकांना लाथ मारून बघितली असती. यंदा मोह वेचायच्या दिवसांत मला डोकेदुखी लागली. गाडीत बसलं की कपाळ जड, उतरलं की बरं. उन्हामुळे असेल असं म्हणत मी चालवत राहिले. एकदा वनखात्याच्या नाक्यावर थांबले, तर तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराने चहाचा कप आधीच भरून ठेवलेला. मी म्हटलं, "भाऊ, मी येणार हे तुम्हाले कसं कळलं?"

"बाई, तुमची गाडी तिकडच्या नाल्यावर असते न, तवाच मी चहा ठेवतो. इथी येईस्तोवर उकळते बरोबर."

मी हसले. मग हसू थांबलं. गाडीत मावशी बसली होती, आमच्या गटातली सगळ्यांत जुनी बाई. तिला विचारलं, "मावशी, गाडी एवढी ओरडते?"

"एवढी? अव, माह्या छातीत धडधड होते."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"काऊन सांगू? चांगलं तर आहे. वाघ आयकते न बाजूले होते. तू मुद्दाम ठेवली असशील असं वाटलं आमाले."

इकडे बरेच गाडीवाले तसं मुद्दाम करतात, तुम्हाला ठाऊक आहे. जंगलाचा रस्ता म्हणून फुटका सायलेन्सर तसाच ठेवतात, आणि तुम्ही त्यांच्यावर चिडायचात. पण मी मुद्दाम ठेवला नव्हता, बाबा. मला तो आवाज ऐकूच येत नव्हता. मला वाटत होतं, माझी गाडी गुणी आहे. चहाचा कप हातात घेऊन मी तिथे उभी राहिले, आणि मला तुमचा चेहरा आठवला, गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघणारा. नाक्यावर उभी राहून मीही तेच करत होते. कधीपासून, कोण जाणे.

गावातल्या मेकॅनिकने नवा सायलेन्सर बसवला. मावशी म्हणाली, काही फरक नाही. तेव्हा एका सकाळी, इंजिन गार असताना, मी स्वतः इंजिनावरची सीट उचलली. मावशीला फडक्याचा बोळा दिला आणि म्हटलं, चालू केली की मागे पाइपाच्या तोंडावर दाबून धर. "फुटन ना एखादी गोष्ट!" ती ओरडली असावी. मी म्हटलं, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. हे वाक्य तुमचंच. मागची वाट बंद झाली की धूर दुसरी फट शोधतो, आणि सापडतो. मी नळी कानाला लावली. काही नाही. दुसरा कान. काही नाही. इंजिन तापायच्या आत सापडायला हवं होतं, कारण लोखंड तापून फुगलं की बारीक फट मिटते आणि चोर साळसूद होतो.

आणि मग मला तुमचा ओला हात दिसला. मी शाळेत असायचे तेव्हाची कामं तुम्ही कशी करत होतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी पाहिलं होतं. बादलीत हात बुडवून तुम्ही तो इंजिनाजवळून हळूहळू फिरवायचात, न टेकवता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मी बाटलीतल्या पाण्याने तळहात ओला केला. इंजिनातून धूर बाहेर नेणारा जो लोखंडी फाटा असतो, त्याच्या सांध्यापाशी तळहातावर एक फुंकर आली. थंडगार, टक टक टक, लहान मुलाने फुंकावी तशी. बोट नेलं तिथे काजळीची काळी रेघ होती. आतलं पॅकिंग जळलं होतं आणि धूर सरळ सीटखाली येत होता. माझी डोकेदुखी त्याचीच. पॅकिंग बदललं. मावशी गाडीभोवती फेरी मारून म्हणाली, "आता वाघाले कोन सांगन, बाई येऊन राह्यली म्हणून?"

गाडी बरी झाली, पण किल्ली हातात घ्यायची हिंमत होईना. ज्या बाईला स्वतःची गाडी ऐकू येत नाही, तिला मागचा हॉर्न काय ऐकू येणार? चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि म्हणाले, मशीन लावा आणि खुशाल चालवा. मी मशीन घेतलं आणि, तुमचीच मुलगी, गाडीच्या खणात ठेवून दिलं. मावशीने ते काढून हातात दिलं. "लाव. नाई तर मी खाली उतरतो, न मोहाही उतरवतो."

लावलं. सागाच्या जंगलात गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. सगळं गप्प झालं, आणि वरून एक वाळलेलं पान फांद्यांना आपटत खाली आलं. बाबा, सागाचं पान पडताना केवढं वाजतं! मी विसरले होते. मग दुसरं पडलं.

आता रोज चालवते. चौकीदार कुरकुरतो, चहा वेळेवर होत नाही म्हणून. अजून लाज जात नाही, हेही सांगते. नाका आला की मी केस कानावर ओढून घेते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगता येतं.

तुमचं मशीन त्या वायसरच्या डब्यातच होतं, मी आणलं आहे. एक मागते. ते एकदा लावा. गॅरेजात नाही, इथे, या सागांखाली, सकाळी, इंजिन बंद करून. तुम्ही मान हलवणार आणि म्हणणार, "तू आयक न मले सांग." मला माहीत आहे. तरी एकदा लावा ना.