मागे कोण गुणगुणतंय

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

काल तुझा फोन पुन्हा वाजला आणि मी पुन्हा उचलला नाही. रागावू नकोस. ऑपरेशन झालं, गळ्यातली गाठ गेली, जखम भरली, डॉक्टर खूश आहेत. मीच तेवढी खूश नाही. तोंडातून आता जे बाहेर पडतं त्याला ते आवाज म्हणतात. मी म्हणत नाही. गंजलेलं फाटक फरशीवर घासत उघडावं, तसलं काहीतरी आहे. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रोज ओठ मिटून गुणगुणायला सांगितलंय. त्याचा कागद ड्रॉवरमध्ये सुखाने नांदतोय. लोकांशी मी पाटीवर लिहून बोलते, तुझ्याशी पत्रातून बोलेन.

स्टेशनवर घोषणा करायच्या कामावर अर्थातच आता मी नाही. मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलंय. छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट, आणि विश्वास ठेव, एक कवळीसुद्धा. कवळी विसरून माणूस गाडीतून उतरतोच कसा, हे मला अजून कळलेलं नाही. काम वाईट नाही. वाईट एवढंच, की माझ्या घोषणा रेकॉर्ड करून ठेवलेल्या आहेत आणि त्या अजून वाजतात. भिंतीपलीकडून दिवसभर मीच बोलत असते, स्वच्छ, ठणठणीत, आणि इकडे मी मिठाची गुळणी धरून बसलेली. ते ऐकवत नाही रे.

म्हणून एक काम कर. वर्षभर कुणी न्यायला न आलेला एक सीडीप्लेअर स्टेशनमास्तरांनी मला खोलीत वापरायला दिलाय. तू लायब्ररीच्या संगीत विभागात बसतोस तर काहीतरी पाठव. फक्त वाद्यं हवीत. माणसाचा आवाज नको, चुकूनही नको.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि फोन न उचलल्याबद्दल एक तक्रारही वि. वि.

तुझं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे जॅझच्या सीड्यांचं एक खोकं आलं. सगळी गेल्या चार-पाच वर्षांतली नवी रेकॉर्डिंगं. अजून एकाही वाचकाने त्यांना हात लावलेला नाही. सीडी कुठे अडकते का ते बघायला प्रत्येक ऐकायची, हे माझं काम. जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलात माणसं खोटंखोटं हसत असताना मागे वाजतं ते, एवढीच माझी समज. पहिले दोन दिवस डोकं उठलं. ही मंडळी सूर लावतायत की हरवलेली किल्ली शोधतायत, तेच कळेना.

मग एकदा वाचनकक्षातल्या खुर्च्यांवर नंबर लिहीत बसलो होतो, आणि हात थांबला. ड्रमवाला तारांच्या ब्रशने नुसतं घासत होता, कुणी शांतपणे अंगण झाडावं तसं. त्यावर एकाने वाजवायला घेतलं आणि बाकीचे मागे सरकले, पण गेले नाहीत. खालून साथ देत राहिले. आपल्या घरात एकाने तोंड उघडलं की दुसरा तोडायचा. त्या दुसऱ्याचं नाव मी घेत नाही, ती माझ्याहून मोठी आहे. हे लोक मात्र तोडत नाहीत. ज्याची पाळी त्याचं पूर्ण होऊ देतात.

तीन सीड्या पाठवतोय. निळ्या कव्हरवाली ट्रम्पेटची. रिकाम्या खुर्चीचं चित्र आहे ती पियानो, बास आणि ड्रम अशा तिघांची. तिसरीत एक बाई गाते. डोळे वटारू नकोस. ऐकायची सक्ती नाही, नुसती कपाटात ठेव.

हिने साष्टांग नमस्कार सांगितलाय. रागावलीस तरी पत्र पाठव, लोभ त्यातच धरून घेईन.

तुझा,
टिल्लू

२५ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आ., त्यातला एक कापून घेतलाय.

गाणाऱ्या बाईंना आल्या पावली परत पाठवते आहे. नको म्हणजे नको, एवढं साधं मराठी तुला कळत नाही?

ट्रम्पेट मात्र आवडला. मला वाटलं होतं कवायतीसारखं ढणढण वाजेल. तर हा गृहस्थ, कव्हरच्या आतल्या फोटोत दिसतं तसं, ट्रम्पेटच्या तोंडाशी काहीतरी झाकण धरून वाजवतो आणि पुढच्या खोलीतून कुणी हळू बोलल्यासारखं येतं. दुपारी गाड्या कमी असतात तेव्हा लावते आणि छत्र्यांना चिठ्ठ्या बांधते.

रिकाम्या खुर्चीची सीडी खराब आहे. पियानो चालू असताना मागे कुणीतरी घोगरं गुणगुणतंय. आधी वाटलं खिडकीशी माणूस आलाय. दोनदा उठून बघितलं, कुणी नाही. रेकॉर्डिंग चालू असताना कुणाचा तरी आवाज आत शिरलाय. असा माल विकतात कसा? परत पाठवते आहे, दुकानदाराच्या गळ्यात मार.

आता बातमी. पुलापलीकडे आमचा सातवा फलाट सुरू झाला. गाडी सातवर लागली की लोक पुलाच्या जिन्यावरून जिवाच्या आकांताने पळतात. परवा एक आजोबा घसरले, थोडक्यात वाचले. तर पूल ओलांडून सावकाश या, असं एक वाक्य घोषणेत घालायला हवं, आणि ते माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नाही; सुटे आकडे तेवढे सगळे आहेत. मास्तर येऊन बसले. म्हणाले, तेवढं एक वाक्य तुम्ही बोला, नाहीतर वरून यंत्राचा आवाज येणार आहे आणि मग तुमचं जुनं सगळंच काढून टाकतील. मी पाटीवर लिहिलं, यंत्र आणा. लिहिलं खरं, पण मास्तर गेल्यावर पाटी पुसवेना. तो आवाज ऐकवत नाही आणि पुसला जातो म्हटलं तर तेही सोसवत नाही. मार्चअखेरीला ठरवायचंय.

असो. लोभ असावा, पण सीड्या नीट बघून पाठवाव्यात.

ताई

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दाखातर मी सीडीवर 'खराब' असं लाल लेबल चिकटवलं आणि परत करायच्या खोक्यात टाकली. मग राहवेना. एकदा हेडफोन लावून ऐकली. ताई, सीडी ठणठणीत आहे. तो पियानो वाजवणाराच गुणगुणतो!

कव्हरच्या आत लिहिलंय. वाजवताना गुणगुणल्याशिवाय त्याच्या बोटांना काही सुचत नाही. रेकॉर्डिंगवाल्याने पुसून टाकू म्हटलं, तर याने पुसू दिलं नाही. आवाज कसला, भांडं घासल्यासारखा. आणि तरी तो गप्प झाला की पियानो एकदम पोरका वाटतो. मी कामापुरती ऐकली तेव्हा लहान स्पीकरवर मला हे ऐकूच आलं नव्हतं. तुझ्या कानांनी पकडलं. आता माझे कान सारखे तेच शोधत असतात.

लेबल काढायला गेलो तर निम्मं चिकटूनच बसलं. साहेबांनी विचारलं हे काय, मी म्हटलं माझ्या ताईचा शेरा. सीडी परत पाठवतोय.

सातव्या फलाटाबद्दल मी काही शहाणपणा शिकवत नाही. शिकवला तर तू आशीर्वाद आणखी कापशील. मला तुझा आवाज ऐकायचाय, एवढंच सांगतो. जुना नाही. जो आहे तो. फोन वाजतो आणि तू उचलत नाहीस तेव्हा मला भीती वाटते, आणि ही म्हणते की ते तुला कळवायला हवं. म्हणून कळवलं.

आपला लोभी,
टिल्लू

१६ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ., कापलेला परत जोडून.

तू मला मुद्दाम गाठलंस असं आधी वाटलं. ओठ मिटून गुणगुणायला सांगणाऱ्या त्या बाईंशी तुझं संगनमत असणार. मग आठवलं, एवढी अक्कल तुझ्याकडे नाही. गंमत करते.

सीडी पुन्हा लावली. आता माणूस आहे हे माहीत होतं, त्यामुळे दचकले नाही. कधी वर जातो, कधी सूर हुकतो, कधी नुसताच श्वास ऐकू येतो. पियानो त्या गुणगुणण्याहून कितीतरी चांगला, पण वाजवणाऱ्याला त्याची लाज नाही. मी चिठ्ठ्या बांधत ऐकत राहिले.

काल एक बाई लेकीची छत्री शोधायला आल्या. मी पाठमोरी फळीवरचं काढत होते. छत्री हातात दिली तर त्या जाईनात. म्हणाल्या, मघापासून उभी आहे, हाक मारणार होते, पण तुम्ही काहीतरी म्हणत होतात म्हणून थांबले. मी चपापले. सीडी तर केव्हाच संपली होती. म्हणजे मीच. टिल्लू, मला समजलंही नव्हतं.

त्या गेल्यावर दार लावलं आणि मुद्दाम करून पाहिलं. फाटकच आहे. पण फाटक उघडतंय.

त्या गाणाऱ्या बाईंना पाठव. आधी हाकललं म्हणून रुसल्या नसतील तर.

ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी पार्सल करतोय, म्हणून थोडक्यात. गाणारी तरुण पोरगी आहे, बाई नव्हे. जाडाभरडा आवाज, आणि मायक्रोफोनला अगदी खेटून गाते. जोर लावत नाही. शब्दांची टोकं खाते. आवाज फाटतो तिथे तो तसाच ठेवते आणि पुढे जाते. मधेच शब्द सोडून नुसती आ-ऊ करत राहते, आणि सॅक्सोफोन तिला उत्तर देतो. दोघांत माणूस कोण हे चटकन कळत नाही. मी पाच वेळा ऐकली. पुस्तकं कमी आणि सीड्या जास्त सांभाळतो असं ही म्हणायला लागली आहे.

घाईत आहे, लोभ पार्सलात घातलाय.

टिल्लू

२ एप्रिल

चि. टिल्लूस,
अ. उ. आ., सगळेच्या सगळे.

रेकॉर्ड केलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मास्तरांच्या दाराशी गेले आणि पाटी बाहेर ठेवूनच आत शिरले. ते उठून उभे राहिले. जुन्याच काचेच्या खोलीत बसवलं. मी पूर्वी मायक्रोफोनपासून हातभर लांब बसायचे, या वेळी तुझ्या त्या पोरीसारखी खेटून बसले आणि जोर लावला नाही. पूल ओलांडून पलीकडे यावे, सावकाश या, गाडी थांबेल. एवढंच. एका जागी आवाज फाटला. रेकॉर्डिंगच्या यंत्रावरचा मुलगा म्हणाला, हे घासूनपुसून गुळगुळीत करतो. मी नको म्हटलं. तोंडाने म्हटलं.

आता घोषणा अशी होते. गाडी सातवर येत आहे, हे मी जुन्या आवाजात सांगते, आणि लगेच सावकाश या, हे नव्या. पहिल्यांदा भिंतीपलीकडून ऐकलं तेव्हा खुर्चीत बसूनच राहिले आणि रडले. वाईट वाटून नाही. दोघी एकापाठोपाठ बोलल्या आणि एकीनेही दुसरीला तोडलं नाही.

दुपारी खिडकीशी एक गृहस्थ आले, चांगले टोपीबिपी घातलेले. तक्रार करायची होती. पुलाजवळचा स्पीकर खराब झालाय, म्हणाले, मधेच खरखरतो. माझा हात सवयीने पाटीकडे गेला. पण मला तुझं लाल लेबल आठवलं, निम्मं चिकटलेलं. पाटी बाजूला ठेवली आणि त्यांना सांगितलं, की स्पीकर ठीक आहे, तो माझा आवाज आहे. बिचारे ओशाळले. मग म्हणाले, म्हणूनच लक्ष गेलं, एरवी घोषणा ऐकतो कोण, आणि खरोखरच सावकाश पूल चढून गेले. मी खिडकीतून बघत होते.

तुमच्या बाजूची सकाळची गाडी आता सातवर लागते. दोघे या. पूल ओलांडायला मीच सांगेन, तेव्हा सामान घेऊन धावू नकोस, तुझं वय झालंय. रिकाम्या खुर्चीची सीडी मी परत देणार नाही. लायब्ररीत काय सांगायचं ते तू बघ.

आणि हे पत्र हातात पडलं की फोन कर. मी उचलते.

तुझी,
ताई