सासूबाईंनी दिलेला बाप्तिस्मा

धारूर, मंगळवार, १० मार्च १९१४

पोरीला पुरून आत्ताच आलो. दोनच दिवसांची होती. सकाळी मी शाळेत असताना गेली. फादर औरंगाबादेत. सासूबाई म्हणाल्या, "मीच पाणी वतून बाप्तिस्मा दिला." जीव जाताना असा कुणीही देऊ शकतो, हे मीच लोकांना शिकवतो. पण या बाई कधी प्रार्थनेलासुद्धा बसल्या नाहीत! बाप्तिस्म्याशिवाय मिशनच्या कबरस्तानात जागा नाही, म्हणून तर बोलल्या नसतील? बाळंतीण मार्था ग्लानीत होती, तिने काही पाहिलं नाही. आणि मी आलो तेव्हा बाळाचे केस कोरडे होते.

दुपारी विचारलंच, "पाणी ओतताना काय म्हणालात?"

"बापाच्या, पुत्राच्या आन् पवित्र आत्म्याच्या नावानं तुला बाप्तिस्मा देते. तुमी रोज पोरांकडून घोकून घेता, मला आयकू येत न्हाई व्हय?"

शब्द बरोबर. पण केस? तेही विचारलं.

"पदरानं पुसले, जावईबापू. लेकराला गार लागलं असतं."

फादरना चिठ्ठी लिहिली, बाप्तिस्मा झाला म्हणून. शंका अजून आहे. ती चिठ्ठीत लिहिली नाही.