दूताने सांगितलेली खुशाली

तीर्थरूप आईस, कोगुर्यो देशातून शू याचे दंडवत.

मी जिवंत आहे. आपल्या स्वी सम्राटाची फौज इथे मोडली आणि मी पकडला गेलो, तेव्हा विशीत होतो. आता केस पांढरे झाले. जमीन कसतो, दोन वेळा राळ्याचा भात मिळतो. तुला सून आहे, दोन नाती आहेत. सून मायाळू आहे, फक्त तुझी भाषा तिला येत नाही. थंडीत पाय दुखतो, बाकी काही नाही.

काल आपल्याकडच्या नव्या सम्राटाचा दूत इथून कोगुर्योच्या राजधानीकडे गेला. आम्ही जुने कैदी रस्त्यावर धावलो. मी गावाचं नाव सांगून विचारलं, "माझी आई कशी आहे?"

"ठणठणीत आहे. तुझी वाट बघते," तो घोड्यावरूनच म्हणाला. मी तिथेच रडायला लागलो.

मागे माझ्याच तुकडीतला गेंग होता. त्यानेही आईचं विचारलं.

"ठणठणीत आहे. तुझी वाट बघते."

गेंगने वाकून नमस्कार केला. घोडे लांब गेल्यावर मी म्हटलं, "अरे, तुझी आई तर तू पाळण्यात असतानाच गेली ना?"

"हो रे. पण कुणीतरी एकदा तसं म्हणावं, असं वाटलं."

दूत परतेल तेव्हा त्याचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराकडे हे पत्र देईन. तुझे गुडघे कसे आहेत? धाकटीला कुठे दिली?

हे तुला कुणीतरी वाचून दाखवत असेल. आई नसेल, तर वाचणाऱ्याने मला उलट निरोप धाडू नये.

तुझा,
शू