हिरव्या डब्यातली पावडर

डेरिक,

"टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा," असं घरी काडतुसं भरताना तुझ्या बाबांनी मला बजावलं होतं. मी हसले होते, "बाबा, केमिस्ट्री शिकलेय मी, डबे ओळखता येतात मला." तर म्हणाले, "पोरी, पीठ चुकलं तर केक बसतो. इथे हात जातो."

काल मी गॅरेज आवरत होते तेव्हा आपली टेसा सारखी रडत होती. पावडर मोजायच्या यंत्रात उरलेली पावडर मी समोरच्या हिरव्या डब्यात ओतून मोकळी झाले. ती लाल डब्यातली, भर्रकन जळणारी होती; हिरव्यातल्या सावकाश जळणाऱ्या पावडरीच्या मापाने ती भरली, तर बंदूक हातातच फुटते. बाबांनी यंत्राला लावलेली 'लाल' लिहिलेली पट्टी मला आत्ता केरात सापडली. आज सकाळी त्यांनी हिरव्या डब्यातूनच पन्नास काडतुसं भरली. काडतुसाला ठिणगी देणारे प्रायमर चारदा पारखून निवडले, पण डब्यावर त्यांचा भरवसा होता. जेवून ते रिव्हॉल्वर घेऊन खडीच्या खाणीत नेम धरायला गेलेत. तिथे फोन लागत नाही. तुझाही लागला नाही.

टेसाला एकशे तीन ताप आहे, तिला दवाखान्यात नेतेय. तू आल्या आल्या खाणीवर जा. माझ्यावर नंतर चिडशील. आधी त्यांचे हात बघ.

मार्ली