यादीत बत्तीस, गाडीत बत्तीस

३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

उद्या निघायचं. जुनी राजधानी ते नवी राजधानी, सहा दिवस, बत्तीस प्रवासी, गाइड अस्मादिक. बावीस वर्षांतली ही चारशे बारावी टूर. आजवर एकही प्रवासी मागे राहिलेला नाही. ऑफिसात हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

या वेळी सौ. येणार. पहिल्यांदाच. गाडीची शेवटची रांग रिकामी होती, मॅनेजरने परवानगी दिली. अट एकच, नातेवाइकाचं नाव यादीत नको. सौ. म्हणाली, चालेल. मग बॅग भरता भरता, उद्या पाणी येणार नाही हे सांगावं तशा आवाजात तिने पुढचंही सांगितलं. मुलगी नव्या राजधानीत राहते, टूरही तिथेच संपते. बावीस वर्षं घर सोडून तुम्ही काय करत होता ते एकदा डोळ्यांनी बघते, आणि मग परत यायचं की मुलीकडेच राहायचं ते ठरवते.

मला हसूच आलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझं काम एकदा बघितलं की बाई स्वतःहून माझी बॅग उचलून परत निघेल.

तरी संकल्प केलेले बरे. एक, रोज तासभर तिच्याशेजारी बसायचं. दोन, रोज एकदा ‘कसं वाटलं?’ असं विचारायचं. तीन, ओरडायचं नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०.

मोजणी केली. तेहतीस भरले. घाम फुटला. पुन्हा मोजले, पुन्हा तेहतीस. मग आठवलं, शेवटच्या रांगेत सौ. आहे. वजा एक. बत्तीस. बरोबर.

ओळख दाखवू नकोस, असं तिला निघतानाच बजावलं आहे. एक तर प्रवाशांना वशिल्याचा वास येतो. शिवाय गाइड हा कुणाचा तरी नवरा आहे हे एकदा कळलं की निम्मा दरारा संपला. ती म्हणाली, जमेल, सवय आहे. समजूतदार आहे तशी.

संध्याकाळी.

राजवाडा उत्तम झाला. राज्याभिषेकाच्या वर्णनाला टाळ्या. सौ.चा चेहरा टिपायला मान उंच केली तर ती भिंतीवरची पाटी वाचत होती. पाटीवरचं साल माझ्या सालापेक्षा एकोणीस वर्षांनी वेगळं आहे. त्या पाटीबद्दल मी दोनदा तक्रार केलेली आहे.

संकल्प एक जमला नाही. माइकची वायर शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. यात माझा काय दोष?

५ फेब्रुवारी, मंगळवार.

प्रवाशांत एक निवृत्त हेडमास्तर निघाले. मी साल सांगितलं की हे फोन काढून तपासतात. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं काहीतरी पुटपुटले. फोनच्या जिवावर कुणीही विद्वान होतो. मी मात्र सगळं तोंडपाठ सांगतो. मागच्या लोकांनी मला ‘टेपरेकॉर्डर’ असं नाव ठेवल्याचं कानावर आलं. स्मरणशक्तीची पावती आहे, दुसरं काय?

मागून सारखं हसू ऐकू येत होतं. त्यात सौ.चंही होतं. घरी ती असं हसत नाही, त्यामुळे आधी मला ओळखूच आलं नाही. पाणी मागायच्या निमित्ताने मागे गेलो तर सगळे गप्प झाले.

दुपारी १.१० वाजता, बाथरूमच्या रांगेत, ‘कसं वाटलं?’ विचारलं. म्हणाली, मागच्या चाकावरची सीट आहे, पाठ भरून आली. मी तिला स्प्रिंगा कशा काम करतात ते समजावून सांगितलं. हं म्हणाली. संकल्प दोन पूर्ण.

६ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी.

घात झाला. सौ. माझी बायको आहे हे सगळ्या गाडीला कळलं.

चौकशी केली. सौ.ने कुणालाही सांगितलेलं नाही. तिच्या पुढच्या सीटवर एक टोपीवाल्या बाई आहेत, त्यांनी स्वतःच ओळखलं. कसं, तर सकाळी पाण्याच्या बाटलीवरून मी सौ.वर आवाज चढवला होता. परक्या बाईवर कुणी असं ओरडत नाही, म्हणजे घरचीच असणार, असा त्यांचा तर्क. आता मी ओरडलो नव्हतो. सकाळी घसा जड होता, म्हणून आवाज जरा लावावा लागला.

आणि झालं काय की सगळेच माझ्यावर नाराज. हेडमास्तरांनी सरळ विचारलं, की तुमच्या शेजारच्या सीटवर तुमची बॅग बसते आणि तुमच्या पत्नी मागे चाकावर, हा कुठला न्याय? त्या बॅगेत माझ्या नोट्स आहेत, बावीस वर्षांच्या. पण म्हटलं, जाऊ दे. माइकवरून जाहीर केलं, उद्या सराई बघून झाली की आमच्या सौ. पुढे माझ्याशेजारी बसतील. टाळ्या पडल्या. राज्याभिषेकाला पडल्या त्याहून जास्त. लोकांना इतिहासाची कदर नाही हेच खरं.

सौ. टाळ्या वाजवत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती. आनंद तिला पटकन दाखवता येत नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.३५.

सराई म्हणजे राजाच्या वाटेवरचं मुक्कामाचं घर. इथली गोष्ट माझी हुकमाची. राणीची पालखी मागे राहिली म्हणून राजाने चाळीस हजारांची फौज या दारात थांबवली, आणि राणीचा पडदा दिसेपर्यंत घोड्यावरून उतरला नाही. ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वी मीच जुळवली. इतिहासात नाही, पण असायला हवी होती. आज तीन बायका रडल्या. हेडमास्तरांनीसुद्धा फोन काढला नाही.

सौ. मात्र तेव्हा तिथे नव्हती. पाठ टेकायला मागच्या अंगणात जाते म्हणाली होती. नेमकी माझी सगळ्यात चांगली गोष्ट चुकवली. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, इथे तर ऐकायलाच कुणी नाही.

निघताना मोजणी केली. यादीत बत्तीस, गाडीत बत्तीस. बरोबर. एका झटक्यात जमलं, वजाबाकीसुद्धा करावी लागली नाही.

शेजारची सीट रिकामी करून ठेवली आहे. बॅग मांडीवर घेतली आहे. सौ. पुढे आलीच नाही. रुसून मागेच बसली असणार. बसू दे. मान वळवून बायकोला शोधत बसणं गाइडला शोभत नाही. मोडेन पण वाकणार नाही.

दुपारी ३.

अक्षर वाकडंतिकडं येतं आहे. गाडी हलते म्हणून.

दीड वाजता चहाला थांबलो. टोपीवाल्या बाई दोन कप घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, एक वहिनींना. मी म्हटलं, त्या मागे आहेत. त्या म्हणाल्या, मागे नाहीत, आम्हाला वाटलं तुमच्याशेजारी पुढे आहेत, काल तुम्हीच सांगितलंत.

मी फोन लावला. माझ्या बॅगेत वाजला. चार्जिंगला तिने माझ्याकडेच दिला होता.

आता मी शांतपणे विचार केला. संकटात शांत राहणं हाच तर माझा अनुभव. सराईला पहारेकरी आहे, सावली आहे, पाणी आहे. शिवाय दुसऱ्या कंपनीची हिरवी गाडी आमच्या मागून येते, ती सराईला थांबते आणि तिथून रातोरात थेट नवी राजधानी गाठते. आम्ही परत फिरलो तर दोन तास जायला, दोन यायला, आणि पुढचं म्युझियम पाचला बंद होतं. बत्तीस माणसांचा कार्यक्रम एका यादीबाहेरच्या माणसासाठी मोडायचा का? हे मी माइकवरून व्यवस्थित समजावून सांगितलं.

मग हेडमास्तर उठले आणि म्हणाले, म्युझियम बघायचंय त्यांनी हात वर करा. एकही हात वर झाला नाही. म्युझियममध्ये राजाची तलवार आहे हेही मी सांगितलं. तरी नाही.

आमचा ड्रायव्हर अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे. अकरा वर्षांत अकरा वाक्यं बोलला असेल. त्याने चहा अर्धा टाकला, मला काही न विचारता गाडी वळवली आणि आता सराईकडे चालवतो आहे. याची लेखी तक्रार करावी लागेल.

दुपारी ४.

सराईत सौ. नाही. पहारेकरी म्हणाला, बाई दरवाजात उभ्या राहून बराच वेळ रस्त्याकडे बघत होत्या. मग हिरवी गाडी आली, तिच्यातून गेल्या. पुढच्या सीटवर बसल्या, असंही त्याने सांगितलं. हे मी विचारलं नव्हतं.

म्हणजे माझाच अंदाज बरोबर निघाला. उगाच चार तास फुकट गेले. हे गाडीत सांगायला माइक हातात घेतला तर टोपीवाल्या बाईंनी जागेवरून उठून माइक बंद केला.

८ फेब्रुवारी, शुक्रवार.

सकाळी मुलीचा फोन आला. आई पोचली. एवढंच. मोजणी बरोबर होती हे मी सांगायला घेतलं तोवर फोन ठेवला. आईवर गेली आहे.

वाटेतली समाधी दाखवली, कुणी खाली उतरलं नाही. मी एकटाच उतरलो आणि सगळी माहिती नेहमीप्रमाणे सांगितली. काम ते काम.

चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार चालला आहे. यादीत नाव घालू नका म्हणणारा मॅनेजर नामानिराळा. उशिरा निघते म्हणून हिरवी गाडी मागे असते, तिची वाहवा. आणि ज्याने शिस्तीत मोजलं तो गुन्हेगार. ऑफिससाठी चार पानी खुलासा लिहिला आहे.

शेजारच्या सीटवर बॅग ठेवली नाही. का, ते सांगता येणार नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी.

टूर संपली. फीडबॅकचे बत्तीस फॉर्म घेतले, वाचले नाहीत. लोकांची मनं सध्या कलुषित आहेत.

मुलीकडे गेलो. जावयाने दार उघडलं, या म्हणाला आणि काहीतरी काम काढून आतल्या खोलीत गेला. सौ. टेबलाशी बसून उशीला अभ्रा घालत होती. तब्येत बरी दिसली. तिचा फोन आणि सामान तिच्या हवाली केलं. मी विषय टाळला नाही. यादी बरोबर नेली होती, ती टेबलावर पसरली, एकेका नावावर बोट ठेवून बत्तीस मोजून दाखवले. चूक कुठेही नाही, बघ तूच.

तिने खरंच बघितलं. चष्मा लावून, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. मग यादीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “हिशेब तुमचा बरोबरच आहे. त्या हिरव्या गाडीत चढले तर त्या गाइड मुलीने आधी माझं नाव विचारलं. यादीत खाली पेनाने लिहिलं. मग मोजलं.”

मी म्हटलं, नियमात बसत नाही ते. ती म्हणाली, नसेल.

मग ती इथेच राहणार असल्याचं तिने सांगितलं. रागावून नाही. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. वाद घालण्यात मी हार जात नाही. तिने चहा केला. साखर बरोबर होती. मी प्यालो आणि निघालो. जिन्यात आठवलं, ‘कसं वाटलं?’ हे बुधवारपासून विचारायचं राहूनच गेलं. पण परत वर जाणं बरं दिसलं नसतं.

११ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ५.

आज परतीच्या गाडीतून उतरून थेट ऑफिसात गेलो. निकाल लागला. मॅनेजरने खुलासा पहिल्या पानापर्यंत वाचला आणि म्हणाला, बाई यादीत नव्हत्याच, तेव्हा प्रवासी मागे राहिला असं कागदोपत्री म्हणता येत नाही. प्रकरण बंद. माझं रेकॉर्ड शाबूत आहे. चारशे बारा टूर, मागे राहिलेले प्रवासी शून्य. मी म्हणतच होतो.

बातमी सांगायला लगबगीने घरी आलो. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवल्यावर दाराला बाहेरून कुलूप असल्याचं दिसलं.

माझ्याकडे किल्ली नाही. कधीच नव्हती. बावीस वर्षं टूरवरून यायचो, बेल वाजवायचो, दार उघडायचं.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. किल्ली त्यांच्याकडेच ठेवलेली होती. पण मला देण्याआधी, एक मिनिट हं, असं म्हणून त्यांनी सौ.ला फोन लावला आणि माझ्यासमोरच विचारलं, की हे आलेत, यांना द्यायची ना? मी माझ्याच दारात बॅग घेऊन उभा. पलीकडून उत्तर आलं असावं. त्यांनी किल्ली दिली.

आणखी काही म्हणाली का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, द्या म्हणाल्या फक्त.

आत आलो आहे. दिव्याचं बटण कुठलं ते सापडायला वेळ लागला. खूप रडलो. हे ऑफिसात कुणाला माहीत असायची गरज नाही.