तीन वायरी आणि प्रेरणाचा फोन

सोमवार, ६ जानेवारी

सापडला! भाईच्या कपाटात, मोज्यांच्या खाली – काडेपेटीहून जरासा मोठा हिरवा बोर्ड. हा अख्खा कॉम्प्युटर आहे असं अम्मीला सांगितलं तर म्हणाली, "मग आधी पंखे पूस आणि नंतर खेळ." जुना आहे, हल्लीचं काही त्यावर धड चालत नाही. पण नेटबीएसडी नावाची युनिक्ससारखी सिस्टीम म्हणे असल्याच म्हाताऱ्या यंत्रांवर चालते. कॉलेजचा प्रोजेक्ट ठरला!

गच्चीवर जाऊन चोरून भाईला फोन केला. बकरी ईदला तो अब्बांना तोंडावर म्हणाला, "टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आता कुत्रं फिरकत नाही, मी बंगळूरला चाललो." अब्बा म्हणाले, "जा, आणि परत पायरी चढू नकोस." तेव्हापासून अबोला. घरात आवेज हे नावही काढायचं नाही. माझ्या मोबाईलवर तो 'प्रेरणा' आहे! दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटतं. रडूही येतं.

मंगळवार, ७ जानेवारी

बोर्डात घालायचं मेमरी कार्ड तयार! सिस्टीम उतरवून कार्डावर चढवली. कमांडमध्ये कार्डाऐवजी लॅपटॉपच्या डिस्कचं नाव पडलं असतं तर लॅपटॉपच पुसला गेला असता – एंटर दाबताना डोळे मिटले होते.

आता अडलं. बोर्डाची पडद्याची केबल नाही. भाई म्हणतो, "केबल कशाला? तीन वायरींनी लॅपटॉपला जोड. बोर्ड काय म्हणतोय ते अक्षरांत दिसेल." पण वायरी लावायला पिना हव्यात आणि आमच्या बोर्डाला नुसती भोकं! म्हणजे सोल्डरिंग. एवढं बारीक सोल्डरिंग वडगावात कोण करतं? अब्बा.

गुरुवार, ९ जानेवारी

गुरुवार, म्हणजे तारांच्या दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट नाही. शी!

शुक्रवार, १० जानेवारी

जुम्म्याची नमाज उरकून अब्बा दुकानात बसले, तेव्हा बोर्ड पुढ्यात ठेवला.

"कुणाचा?"

"माझा." (खोटं!)

त्यांनी भिंग लावलं, बोर्ड उलटापालटा केला. "लय बारीक काम हाय," म्हणाले आणि लगेच शर्टाच्या बाह्या वर! एकेक पिन अशी बसवली की बघत राहावं. दोनदा चहा आला, दोनदा निवला. कित्येक महिन्यांत अब्बांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

शनिवार, ११ जानेवारी

भराभर लिहितेय, अक्षर वाईट येणार!

दुकानातच वायरी जोडल्या, बोर्ड सुरू केला – लॅपटॉप कोरा. पुन्हा केला – कोरा. बाजूला होऊन 'प्रेरणा'ला फोन लावला. अब्बा म्हणाले, "स्पीकरवर टाक. मला बी ऐकू दे."

मेले!

भाई आपला सुटला होता, काय-काय सांगत. अब्बा ऐकत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "प्रेरणाला सर्दी झालेली दिसती."

पलीकडून भाई खोटंच खोकला. मी देवाचं नाव घेतलं.

मग अब्बाच म्हणाले, "विचार तिला, वायरी कुटं चुकल्या?"

भाई हळूच म्हणाला, "अम्मारा, तुझ्या अब्बांना सांग – याची बोलायची पिन त्याच्या ऐकायच्या पिनला लावायची. दोन्ही बोलायच्याच जोडल्या तर कुणालाच काही ऐकू जात नाही."

अब्बांनी दोन वायरींची अदलाबदल केली आणि लॅपटॉपवर ओळींवर ओळी! शेवटी 'लॉगिन' येऊन थांबलं. मी अशी किंचाळले की शेजारच्या सविता मावशी धावत आल्या. "काय गं, शॉक बसला का?" अब्बा हसत होते. फोनमध्ये भाई हसत होता. पण सगळं माझ्यामार्फत – "तिला सांग", "त्यांना सांग"!

फोन ठेवल्यावर अब्बा वायरी गुंडाळत म्हणाले, "हुशार हाय प्रेरणा. जेवतीखाती ना नीट?"

"तुम्हीच विचारा ना."

त्यांनी शटर ओढलं, घरी आलो.

रविवार, १२ जानेवारी

पासवर्ड कसा बदलायचा ते विचारायला भाईला फोन लावला – बिझी. म्हटलं, तोवर अब्बांना दुकानातला चार्जर आणायला सांगावं – त्यांचाही बिझी. अम्मीबरोबर चहा घेतला, कपबशा विसळल्या, परत लावला.

दोघंही अजून बिझीच!